शोभाताईंची एक चूक शोधताना

प्रवासाला निघताना लोक बॅग भरतात. मी पाण्याची बाटली, इअरफोन आणि कंपनीतली रिजेक्शनची एक जुनी वही घेतली. तीन दिवसांत चिंचवड, पिंपरी, चाकण आणि माणची शीव एवढंच फिरले आणि रोज संध्याकाळी घरी येऊन स्वयंपाक केला. तरी मी याला प्रवासच म्हणते. यातल्या बहुतेक ठिकाणांवरून सत्तावीस वर्षं माझं जाणं-येणं आहे, पण थांबले एकदाही नव्हते.

थांबायचं कारण एक ॲप. ताथवड्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांनी आमच्या भागाच्या इतिहासाचं ॲप काढलंय. फोनवर नकाशा उघडतो, त्यावर बावीस ठिपके दिसतात. एखाद्या ठिपक्याजवळ जाऊन उभं राहिलं की एक बाई बोलायला लागते. ‘तुम्ही आता अमुक ठिकाणी उभे आहात,’ अशी तिची सुरुवात. ती बाई म्हणजे माझी नणंद, शोभाताई. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण नणंद म्हणून ताई. पुण्यात शाळेत मराठी शिकवलं, आता स्वेच्छानिवृत्ती घेतलीय. आवाज चांगला आहे, हे मी पहिल्या दिवसापासून कबूल केलंय. मला राग आवाजाचा नव्हताच.

राग होता ‘माझी आई सांगायची’ या तीन शब्दांचा. बावीसपैकी निम्म्या ठिकाणी शोभाताई हे म्हणतात, असं सगळं फिरून आलेली भावकी कौतुकानं सांगायची. त्यांची आई म्हणजे माझी सासू. ती जे काही सांगायची ते मला सांगायची. शेवटची सहा वर्षं तिचे पाय सुजायचे, मी कंपनीतून आले की गरम पाण्याच्या पिशवीनं शेकायची, आणि शेकून होईपर्यंत ती बोलायची. शोभाताई तेव्हा महिन्यातून एकदा, दुपारच्या जेवणापुरत्या.

आता भावकीनं ठरवलं होतं की येत्या रविवारी शोभाताईंचा सत्कार करायचा, तोही आमच्याच घरी. शाल मी आणायची, पुरणपोळ्या मी करायच्या, आणि सगळ्यांबरोबर टाळ्याही मीच वाजवायच्या. त्या रविवारी सगळ्यांपुढे मांडायला मला त्यांची एक चूक पाहिजे होती. एकच, पण पक्की. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. एकोणीस वर्षं रबरी बुश गेजमध्ये घालून बघते. बसला तर पास, नाही बसला तर लाल टॅग. डिसेंबरात मशिनच्या देखभालीसाठी कंपनी बंद होती. मी नवऱ्याला सांगितलं, तीन दिवस फिरायला जाते.

“कुठं?” तो म्हणाला.

“चिंचवडला.”

त्यानं पेपर खाली केला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा वर केला.

चिंचवड

सकाळी स्कूटर काढली. डांगे चौकाच्या सिग्नलला थांबले असताना पर्समधून शोभाताई आपणहून बोलायला लागल्या. कुठल्या तरी ठिपक्याच्या हद्दीत आले असणार. शेजारच्या रिक्षावाल्यानं वाकून बघितलं. पर्समधल्या आवाजाला मी “गप बसा” म्हणाले, तेव्हा त्यानं रिक्षा थोडी लांब घेतली.

घाटावर पवनेचं पाणी संथ आणि हिरवट होतं. गणपतीच्या देवळात रांग फार नव्हती. मी आत शिरले आणि इअरफोन लावायचा विसरले, त्यामुळे सगळ्या मंडपात नणंदेचा आवाज घुमला. पुढचे धोतरवाले आजोबा मागे वळले.

“आवाज ग्वाड हाय, पण जरा बारीक करा, बाई. कोन हाय? टीव्हीवरची का?”

“मी नाही ओळखत,” मी म्हणाले. देवळात खोटं बोलले, पण दुसरं काही सुचलं नाही.

बाहेर येऊन पायरीवर बसले, साबुदाण्याचा वडा घेतला आणि नीट ऐकलं. ‘माझी आई सांगायची, की पूर्वी चतुर्थीला ताथवड्याच्या बायका चालत इथं यायच्या. नदीला उतार असायचा. चपला पाटीत, पाटी डोक्यावर आणि नैवेद्य हातात. पलीकडच्या काठावर पोचल्यावर पहिल्यांदा जी हसेल, तिनं सगळ्यांचे पाय पुसायचे.’

वडा तसाच हातात राहिला. पाय पुसायची गोष्ट सासूबाईंनी मला सांगितली होती, आणि मी ती त्यांच्या तेराव्याला चार बायकांत सांगितली. शोभाताई शेजारी बसल्या होत्या. डोळ्यांना पदर लावून ऐकत होत्या, मला वाटलं रडतायत. वहीत लिहिलं: चिंचवड, माल माझा, शिक्का त्यांचा. पण यात चूक नव्हती. गोष्ट एकेका शब्दात बरोबर होती.

परतीला पिंपरी कॅम्पात थांबले. तिथं चौथा ठिपका आहे, फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांचा. माझ्या माहेरी, लातूरजवळच्या औशाकडे, सकाळी भाकरी आणि ठेचा, इथं सकाळी कुरकुरीत पकवान आणि त्यावर घट्ट डाळ, कांदा, चिंचेचं पाणी. दुकानदारानं माझ्या फोनमधला आवाज ओळखला.

“ये मॅडम आल्या होत्या ना! तीन वेळा. इथंच बसल्या, माझ्या वडिलांकडून सगळं लिहून घेतलं, मग परत येऊन वाचून दाखवलं. तुम्ही त्यांच्या कोण?”

“भावजय.”

“अरे वा. मग तुम्हाला तर सगळं आधीच माहीत असणार.”

मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. एक प्लेट आणखी घेतली. त्यांनी तीन खेपा घातल्या होत्या, हे मात्र वहीत लिहिलं नाही.

चाकण

दुसऱ्या दिवशी चाकण. माझी कंपनी किल्ल्यापासून स्कूटरवर दहा मिनिटांवर आहे. एकोणीस वर्षांत किल्ला आहे हे ऐकलं होतं, बघितला नव्हता. शिफ्ट सुटली की बस पकडायची घाई. ओव्हरटाइम असला तर तेवढीही घाई नाही, पण तेव्हा पाय दुखत असतात.

किल्ला जमिनीवरचा आहे, डोंगरावरचा नाही. त्यामुळे लांबून दिसत नाही. घरं, गॅरेज, कांद्याचे ट्रक यांच्यामधून अचानक समोर येतो. तटाचे तुकडे उभे आहेत. खंदक कळतो, पण कळायला कुणीतरी सांगावं लागतं. शोभाताईंनी सांगितलं, ‘तुमच्या डाव्या हाताला बुरुज आहे.’ मी डावीकडे बघितलं. डावीकडे टायरचं दुकान होतं. बुरुज उजवीकडे.

खरं सांगते, मला आनंद झाला. वही काढली, ठिकाण लिहिलं, खाली ठळक अक्षरात लिहिलं: डावा-उजवा कळत नाही. मग शेजारच्या चहाच्या टपरीवर मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, “ॲपवाल्यांनी काय चुकीचं सांगितलंय बघा, बुरुज म्हणे डावीकडं.”

टपरीवरचा माणूस गावातलाच, पन्नाशीचा. त्यानं ग्लास विसळत माझ्याकडे बघितलं. “तुमी दरवाज्याकडं पाठ करून उभ्या हाय, बाई. आत जायचं तर तोंड आत पायजे का न्हाई?”

मी वळले. बुरुज डावीकडे आला.

“रोज एकजण तरी असं करतं,” तो म्हणाला. “चा घ्या.”

चहा घेतला. वहीतली ओळ खोडली. मग दरवाज्याकडे तोंड करून पहिल्यापासून ऐकलं. एवढ्याशा किल्ल्यावर, मूठभर माणसांनी पन्नासहून जास्त दिवस केवढी मोठी फौज अडवून धरली, ते त्या सांगत होत्या. त्यात ‘शौर्य’, ‘पराक्रम’ असले शब्द नव्हते. धान्य कुठं ठेवलं असेल, पाणी कसं पुरवलं असेल, तट उडाल्यावर पहिल्या सकाळी माणसांनी काय केलं असेल, असं विचारत विचारत सांगत होत्या. टपरीवाला ग्लास खाली ठेवून ऐकत राहिला. मीसुद्धा.

चांगला माल बघितला की मला कळतं, ते माझं कामच आहे. म्हणूनच जास्त झोंबलं. वाईट केलं असतं तर मी रविवारी मनापासून टाळ्या वाजवल्या असत्या.

माणची शीव

तिसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, “आज अमावस्या आहे. कशाला बाहेर पडतेस?”

मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे आमच्या लातूरकडची येळवस. पंचांग नसलं तरी मला ती कळते, तोंडाला आंबिलीची चव येते. मी स्कूटरची किल्ली घेतली. नकाशावर शेवटचा, बाविसावा ठिपका अजून बघायचा होता, मारुंजी ओलांडून माणच्या शिवेवर. तिथं आमचं शेत होतं. अकरा वर्षांपूर्वी विकलं. आता तीन टॉवर आहेत. त्या रस्त्यानं मी जात नाही. काही कारण नाही, लांब पडतं.

टॉवरच्या कंपाउंडची भिंत सरळ आली आहे आणि एका ठिकाणी उगाचच आत वळून पुन्हा बाहेर येते. त्या वळणात एक बाभूळ, आणि बाभळीखाली पाच दगड. पांढरे. फोन बोलायला लागला.

‘तुम्ही आता पाच पांडवांसमोर उभे आहात. आसपास शहर वाढलं, शेतं गेली, पण हे पाच दगड कुणी हलवले नाहीत. माझी आई दर मार्गशीर्षात इथं नैवेद्य आणायची. तिच्या आधी तिची सासू आणत असेल, तिच्या आधी तिची. किती पिढ्यांची ही प्रथा, कुणालाच सांगता येत नाही.’

मला सांगता येत होती. ते दगड मी मांडलेत.

लग्न होऊन आले त्याच डिसेंबरात. औशाकडे येळवसेला सगळं गाव शेतात जातं. कडब्याची खोपटी, म्हणजे कोप, करतात, आत पाच दगड मांडून त्यांना चुना लावतात, ते पांडव. मग शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील, आणि जो येईल त्याला जेवायला घालतात. ताथवड्यात हे कुणाला ठाऊकच नव्हतं. मला भज्जी खायची होती. घर रंगवून उरलेला चुना होता, बांधावर दगड होते. सासूबाई कमरेवर हात ठेवून बघत उभ्या राहिल्या होत्या. “ह्ये काय नवं काढलंस? आमच्यात न्हाई असलं.” मग एक वाटी आंबील प्यायल्या. म्हणाल्या, “पुढच्या येळंला जरा आंबट व्हऊ दे.” तिसऱ्या-चौथ्या वर्षी आंबिलीची घागर त्या स्वतः घेऊन पुढे चालायला लागल्या. शोभाताई एका वर्षी आल्या होत्या. त्यांनी आपल्या आईला घागर घेऊन पुढे चालताना बघितलं होतं.

चूक सापडली. पक्की, गेजमध्ये न बसणारी. ॲपमध्ये खाली ‘चूक कळवा’ असं बटण आहे. दाबलं की तीन रकाने येतात: काय चुकलं, बरोबर काय, पुरावा काय. मी उभ्या उभ्या पहिले दोन भरले. तिसऱ्यावर होते तेवढ्यात बाभळीमागून आवाज आला.

“मावशी, या की. हुबं का ऱ्हायलात?”

दगडांच्या मागच्या बाजूला कोप होती. कडबा थोडाच, बाकी कंपनीच्या पॅकिंगचे पुठ्ठे सुतळीनं बांधलेले. आत पाच-सहा बायका, पोरं, स्टीलचे डबे. बोलावणारी रेणुका, निलंग्याकडची. नवरा या टॉवरच्या गेटवर वॉचमन, ती आत घरकामाला. बाकीच्या मारुंजीत खोल्या भाड्यानं घेऊन राहणाऱ्या, सगळ्या लातूर-धाराशिवकडच्या. तिनं हात धरून बसवलंच. भज्जी दिली, उंडा दिला. अकरा वर्षांनी खाल्ली. तिखट जरा जास्त होतं.

“आंबील अजून आंबट पाहिजे,” मी म्हणाले.

“आता गं! तुमी बी तिकडच्याच की काय?”

“औशाची.”

सगळ्या हसल्या. मग रेणुकानं आपला फोन काढला. “हे ऐकलंव का तुमी? लई जुनी जागा हाय ही. सोसायटीवाले पार्किंगसाठी दगड काढायलते. जेसीबी बोलावलता. ह्यांनी मग सेक्रेटरीला हे ऐकवलं. ह्या बाई सांगायल्यात बघा, किती पिढ्यांचं हाय. तवा गप बसले.” आणि तिनं शोभाताईंना पुन्हा एकदा बोलायला लावलं. बायका भज्जी खाता खाता मान हलवत होत्या.

माझ्या हातात माझा फोन होता. दोन रकाने भरलेले, तिसरा रिकामा. पाठवलं तर रविवार माझा होता. पाठवलं तर त्या पाच दगडांना सत्तावीसच वर्षं झालीत हेही जगजाहीर होणार होतं, आणि सत्तावीस वर्षांच्या दगडासाठी कुठला सेक्रेटरी जेसीबी परत पाठवतो? एकोणीस वर्षांत चुकीचा पीस मी जाणूनबुजून पुढे सोडलेला नाही. हा पहिला. फोन पर्समध्ये टाकला. आंबील प्यायले आणि घरी आले.

ताथवडे, घरीच

रविवारी पंचवीस माणसं जेवली. शाल घातली गेली. शोभाताईंनी चार वाक्यं बोलून आईचं नाव काढलं, सगळे गहिवरले. माझी वही फ्रिजवर होती.

पंगत उठल्यावर त्या ताटं घेऊन स्वयंपाकघरात आल्या. मी पोळ्यांचा डबा बंद करत होते.

“शोभाताई, माणच्या शिवेवरचे पाच दगड तुमच्या आईचे नाहीत. मी मांडलेत. लग्नाच्या वर्षी. ती आमच्याकडची रीत आहे.”

त्यांनी ताटं ओट्यावर ठेवली. “कसं शक्य आहे, वहिनी? खरेदीखतात आहेत ते.”

“कशात?”

“जमीन विकली तेव्हा मीही सही केली ना, मुलगी म्हणून. सगळं वाचून केली. त्यात आईनं अट घालून घेतलीय, बांधाच्या कोपऱ्यातली पाच पांडवांची जागा सोडून. बिल्डर तयार नव्हता. आई म्हणाली, मग मी अंगठा देत न्हाई. दोन तास बसून होती. एवढं आई अडून बसली म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचं असणार, असंच मला वाटलं.”

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. सुनेची सही लागत नाही, म्हणून मी त्या दिवशी कंपनीत होते. संध्याकाळी पाय शेकताना सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, “झालं एकदाचं.” सहा वर्षं सगळं सांगणाऱ्या बाईनं माझ्यासाठी केलेली गोष्ट तेवढी सांगितली नाही, आणि ती मला कळली तीही शोभाताईंच्या तोंडून. त्यातही त्याच पुढे.

“मग चुकलंच माझं,” त्या म्हणाल्या. ओढणीनं चष्मा पुसला. “आई तुम्हालाच सगळं सांगायची. मी आले की ‘जेवलीस का’ आणि ‘कधी निघणार’ एवढंच. ‘माझी आई सांगायची’ असं म्हणताना मला दर वेळी वाटतं, कुणीतरी विचारेल, कुणाला सांगायची?”

मला बरं वाटलं. लपवत नाही, चांगलंच बरं वाटलं. त्यांना दुसऱ्या खेपेला पोळी वाढली, तूपही जास्त.

“काढून टाकू का तो भाग?” त्यांनी विचारलं.

“काढायचा नाही. खरं ते सांगा. आणि खरेदीखताची एक झेरॉक्स मला द्या.”

झेरॉक्स घेऊन मी रेणुकाच्या नवऱ्याबरोबर सेक्रेटरीकडे गेले. ते भले गृहस्थ आहेत, अट दोनदा वाचली, शिक्का बघितला, म्हणाले, “मॅडम, हे आधी दाखवायचं ना, आम्ही जेसीबीचं भाडं वाचवलं असतं.” येताना दगडांना चुन्याचा एक हात दिला. आधीचा बायकांनी पातळ लावला होता.

पंधरा दिवसांनी शोभाताईंचा फोन आला, नवीन रेकॉर्डिंग चढलंय, ऐका. मी स्कूटर काढून माणला गेले. ते ऐकायचं तर तिथं उभं राहूनच. बाभळीखाली थांबले, इअरफोन लावला.

‘हे पाच दगड फार जुने नाहीत. लातूरकडची येळवसेची रीत ताथवड्याच्या एका सुनेनं इथं आणली. तिच्या सासूनं ती आपली मानली, आणि जमीन गेली तरी ही जागा जाऊ दिली नाही.’

चांगलं बोलल्या होत्या. माझ्याच्यानं इतकं चांगलं झालं नसतं. दोनदा ऐकलं. मग ‘चूक कळवा’ दाबलं आणि तीनही रकाने भरले.

काय चुकलं: ‘एका सुनेनं’.

बरोबर काय: मंगल.

पुरावा काय: खरेदीखतात नाव मिळणार नाही. पुढच्या येळवसेला जेवायला या, आंबील चाखा.

या वेळी पाठवलं.